दवाखाना जवळच आहे

लक्ष्मीपुरीतून सीपीआर रुग्णालयापर्यंत चालत गेलं तर फार तर पंधरा-वीस मिनिटं लागतात. दसरा चौक ओलांडला, टाऊन हॉलची बाग दिसली की आलंच. जुनी माणसं अजून त्याला थोरला दवाखाना म्हणतात. तिथं एचआयव्हीची तपासणी फुकट होते, निकाल गुप्त राहतो, आणि तो पॉझिटिव्ह आला तर एआरटीच्या, म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या, गोळ्याही तिथंच मिळतात, त्याही फुकट, आयुष्यभर. मग आमच्यासारख्या प्रकल्पाची गरज काय? एक व्यवस्थापक, आकडेवारी सांभाळणारा एक जण, समुपदेशक म्हणून मी, क्षेत्र कार्यकर्त्या, गल्लोगल्ली फिरणाऱ्या पिअर, एवढी माणसं लोकांना पंधरा मिनिटांच्या अंतरावर न्यायला लागतात? नोकरीला लागले तेव्हा हा प्रश्न मला खरोखर पडला होता आणि मी तो विचारलाही. व्यवस्थापक म्हणाले, "आधी फिरून या, मग बोलू."

मी मूळची भुदरगड तालुक्यातली. शाळा गारगोटीला, मग कोल्हापुरात एमएसडब्ल्यू, आणि ही पहिली नोकरी. हातात आला तो कागदांचा गठ्ठा आणि त्यावरची अक्षरं: टीआय, एचआरजी, आयसीटीसी, डीआयसी, आरएमसी. टीआय म्हणजे आमचा प्रकल्प. ज्यांना संसर्गाचा धोका जास्त, त्यांच्यापर्यंत थेट पोचायचं काम सरकार संस्थांकडून करून घेतं, ते हे. शरीरविक्रय करणाऱ्या बायका, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी. दुसऱ्या काही प्रकल्पांत ट्रकचालक आणि परप्रांतातून आलेले कामगार. प्रत्येकाला नोंदवहीत एक क्रमांक असतो आणि त्यापुढं रकाने: दवाखान्यात शेवटची कधी आली, रक्त कधी तपासलं, निरोध किती दिले, पुढची तारीख कोणती. आरोग्य तपासणी दर तीन महिन्यांनी, एचआयव्ही आणि गरमी यांची रक्ततपासणी दर सहा महिन्यांनी. तारीख उलटली की तो क्रमांक 'ओव्हरड्यू'. माझ्या वाट्याला आलेल्या वहीत ओव्हरड्यू क्रमांकांची पानंच्या पानं होती. इतक्या जणी जवळच्या दवाखान्यात का जात नसतील, ते त्या रकान्यांवरून काही कळत नव्हतं.

आमच्या सगळ्यात जुन्या पिअर बाईंना सगळे अक्का म्हणतात. पिअर म्हणजे त्याच धंद्यातली, आपल्यासारख्या साधारण साठ जणींची जबाबदारी उचललेली बाई. अक्कांना वाचता येत नाही. त्यांच्या पिशवीत चित्रांचं कार्ड असतं, त्यावर त्या खुणा करतात, आणि संध्याकाळी कार्यालयात बसून कुठल्या खुणेमागं कोण ते सांगतात. गुप्तरोगांच्या औषधांची सरकारी पाकिटं रंगांवरून ओळखायची असतात: करडं, हिरवं, पांढरं, निळं, लाल, पिवळं, काळं. कुठल्या तक्रारीला कुठला रंग हे मी पुस्तकातून पाठ करत होते. अक्कांना ते बाईच्या चालण्यावरून कळायचं. "तिला ओटीपोटात दुखतंया, पिवळं लागणार, डाक्टरला दाखवा," असं त्या मला पायरीवरूनच सांगायच्या, आणि डॉक्टर तपासून तेच पाकीट लिहून द्यायचे.

अक्कांबरोबर मी मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपास फिरायला लागले. माझ्या पिशवीत चित्रांचा फ्लिपचार्ट आणि लाकडी मॉडेल होतं. एका बाईपुढं मी ते काढल्यावर तिनं माझ्या हातातून घेतलं आणि मलाच नीट दाखवलं: पाकिटावरची तारीख कशी बघायची, टोकाची हवा का काढायची, तेल किंवा क्रीम लावलं तर रबर कसं कमकुवत होतं, दारू प्यालेल्या गिऱ्हाइकाला कसं पटवायचं. शेवटची गोष्ट माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. तिची रक्ततपासणी मात्र नऊ महिन्यांपूर्वीची होती. मी विचारलं, "सीपीआरला का नाही गेलात? जवळच आहे की."

"जवळ हाय म्हणूनच न्हाई जात मी," ती म्हणाली. "सगळा जिल्हा तिथं येतोय. आमच्या गावाकडनं वडाप भरून माणसं येत्यात. कोण भेटलं तर काय सांगू, डोळं दाखवाय आलोय म्हणू?"

गावाकडं तिनं कोल्हापुरात खानावळीत भाकरी भाजायचं काम करते असं सांगितलं आहे. तिचा मुलगा मामाकडं शिकतो. एचआयव्ही तपासणीच्या खोलीबाहेर बसलेली ती एकदा दिसली की खानावळ संपली, मुलाची शाळा संपली. हे एक कारण. दुसरं कारण वेळेचं. रात्री तीन-चारला झोपलेली बाई सकाळी रक्त द्यायला कशी उठणार? आणि उठलीच, तर तो दिवस बुडाला. ज्या दिवशी कमाई नाही त्या दिवशी खोलीचं भाडं अंगावर. तिसरं कारण तिनं उठता उठता सांगितलं. निकालाची वाट बघत बसायचं ते कुणाजवळ?

माझ्या प्रश्नाचं उत्तर एकट्या तिच्याकडूनच मिळालं असं नाही. पण फिरत गेले तसतशी त्या पंधरा मिनिटांच्या रस्त्यावर काय काय आडवं येतं ते दिसत गेलं. एकीला आधार कार्ड नाही, म्हणून केसपेपर काढायलाच घाबरते. खरं तर त्यासाठी अडवणूक व्हायला नको, पण हे तिला कोण सांगणार? एकीला शहरातल्या एका दवाखान्यात आजाराचं नाव सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं होतं, तेव्हापासून ती कुठल्याच दवाखान्याची पायरी चढत नाही. एकजण पर्समध्ये निरोध ठेवत नव्हती, कारण कधीकाळी रात्रीच्या झडतीत तोच तिच्याविरुद्ध पुरावा ठरला होता. सर्वोच्च न्यायालयानं 19 मे 2022 च्या आदेशात स्पष्ट म्हटलं आहे की या स्त्रियांनी आरोग्यासाठी जवळ ठेवलेला निरोध गुन्ह्याचा पुरावा मानायचा नाही, आणि त्यांना माणूस म्हणून सन्मानानं वागवायचं. तो आदेश मी छापून घेतला, मराठीत सोप्या शब्दांत लिहिला आणि फिरताना वाचून दाखवायला लागले. बायका शांतपणे ऐकायच्या. एकीनं त्याची घडी करून पर्समध्ये निरोधाशेजारी ठेवली.

कायदा आहे, हे मला कामाला लागेपर्यंत नीट माहीत नव्हतं. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम 2017 साली झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. मोजके कायदेशीर अपवाद सोडले तर संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. तसंच निकालही दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. बाधित आहे म्हणून नोकरीवरून काढणं, शाळेत प्रवेश नाकारणं, उपचार नाकारणं, घर भाड्यानं न देणं, हे सगळं बेकायदा आहे. माझ्या मते हा कायदा रेशनकार्डाइतका घरोघर माहीत असायला हवा. या बायकांना फसवून केलेली तपासणी, फुटलेली बातमी, हातातून गेलेली खोली हे सगळं माहीत आहे. त्याविरुद्ध दाद मागता येते एवढंच कुणी सांगितलेलं नाही.

मग मी बरोबर जायला लागले. कामाच्या वर्णनात याला 'सोबत देणं' एवढंच म्हटलेलं आहे. बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही: दोन बायका रिक्षातून उतरतात, एकीच्या हातात भाजीची पिशवी असते. आत समुपदेशक आधी बोलतो, संमती घेतो, मग रक्त. पहिल्या चाचणीत काही आढळलं नाही तर निकाल निगेटिव्ह. आढळलं तर लगेच पॉझिटिव्ह म्हणायचं नसतं; वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन चाचण्या जुळल्या तरच तसं सांगायचं. धोका अलीकडचा असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगतात, कारण नुकता शिरलेला विषाणू चाचणीत दिसायला वेळ लागतो. हे सगळं मला पाठ होतं. पण निकालाची वाट बघताना बाकावर बसलेल्या बाईशी काय बोलायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. अक्का तेव्हा आजाराबद्दल चकार शब्द काढत नाहीत. वांग्याचा भाव, पोराची परीक्षा, खोलीमालकिणीची कटकट, रंकाळ्यावर काल किती गर्दी होती. बोलणं थांबू द्यायचं नाही, इतकंच. पहिल्यांदा मला ते वेळकाढूपणाचं वाटलं. नंतर बघितलं की बाईचा श्वास संथ होतो आणि आत बोलावल्यावर समुपदेशकाचं बोलणं तिच्या कानात शिरतं.

घरून धंदा करणारी एक बाई. दोन मुलींची आई, उपनगरातल्या एका कॉलनीत राहणारी. शेजारपाजारचे तिला शिवणकाम करणारी म्हणून ओळखतात आणि ती शिवणकाम खरोखर करतेही. तिच्या तिन्ही चाचण्या जुळल्या. मी तयारीत होते की ती रडेल, मरणाबद्दल विचारेल. तिनं विचारलं, "माझ्या मालकाला कळंल का?" या धंद्यात मालक म्हणजे नवरा नव्हे, वर्षानुवर्षं येणारा आणि घराला हातभार लावणारा पुरुष. मी सांगितलं, तुमच्या परवानगीशिवाय नाही. मग तिनं विचारलं, थोरलीचं लग्न ठरेल ना? मग म्हणाली, गोळी किती वाजता घ्यायची?

गोळी दिवसाला एक. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर, तिन्ही औषधं एकाच गोळीत. 2017 पासून आपल्याकडं निदान झालं की रक्तातल्या प्रतिकार पेशींचा आकडा कितीही असो, लगेच औषध सुरू करतात. पूर्वी आकडा खाली येईपर्यंत थांबवायचे. गोळी नियमित घेतली तर सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत रक्तातला विषाणू इतका कमी झालेला असू शकतो की यंत्राला सापडत नाही, आणि तो तसाच दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडं पहिल्यांदा सरळ बघितलं. "म्हंजे मी कुणाला देत न्हाई?" मी म्हटलं, विषाणू दबलेला राहिला तर नाही देत. तिला विश्वास बसेना. तेव्हा मी तिला सांगितलं की ही गोष्ट दूर कुठंतरी परदेशातच सिद्ध झालेली नाही. 2011 साली जो मोठा अभ्यास जाहीर झाला, ज्यात एक जोडीदार बाधित आणि एक नाही अशी पावणेदोन हजारांच्या आसपास जोडपी होती, त्यात पुण्याची जोडपीसुद्धा होती. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेनं तिथलं काम केलं होतं. लवकर औषध सुरू केलेल्यांकडून जोडीदाराला होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी कमी झाला होता. तिनं पुण्याचं नाव पुन्हा विचारून घेतलं. पुण्याला तिची बहीण असते.

मग खरी अडचण निघाली. घर एका खोलीचं. गोळ्यांची बाटली कुठं ठेवायची? हलवली की वाजते, आणि मुली विचारतात, आई हे कसलं औषध. अक्कांनी तिथल्या तिथं सांगितलं, बाटलीत कापूस भर, वरचं लेबल काढ, पोह्याच्या डब्यात खाली ठेव, आणि मुलींना रक्त वाढायच्या गोळ्या म्हण. समुपदेशनाच्या माझ्या प्रशिक्षणात औषध का चुकवू नये यावर पुष्कळ होतं. बाटली वाजते यावर एक ओळ नव्हती. आणि औषध चुकण्याची जी कारणं मला क्षेत्रात भेटली, ती बहुतेक अशीच होती: बाटली वाजली, पाहुणे आले, खोली बदलावी लागली, मालक मुक्कामाला राहिला.

मार्गशीर्षात आमची वही विस्कटली. एकामागून एक लोक सापडेनासे झाले. अक्का म्हणाल्या, सौंदत्तीला गेलीत. मार्गशीर्ष पौर्णिमेला बेळगाव जिल्ह्यातल्या यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूरची माणसं एसटी भरभरून जातात, आणि परत आल्यावर इथं ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात आंबील यात्रा भरते. जग, चौंडकं, भंडारा, आंबील-घुगऱ्या. मी लहानपणापासून जोगते-जोगतिणी बघत आले आहे, आमच्या दारात जोगवा मागायला यायचे. पण आता ते माझ्या वहीत होते, आणि वहीतला रकाना मला भरता येत नव्हता. साडी नेसणारा, देवीला सोडलेला, गळ्यात मुत्तू बांधलेला, घरी बायको-मुलं असलेला एक जोगता. त्याला पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष या गटात घालायचं की तृतीयपंथी या गटात? मी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "मी आईचा हाय. तुमच्या वहीत काय बी लिवा." सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2014 च्या निकालात म्हटलं आहे की आपली लिंगओळख ठरवायचा हक्क ज्याचा त्याला. त्या निकालाला धरून बघितलं तर जोगत्याचं म्हणणं बरोबर होतं. पण आमच्या छापील तक्त्यात आईच्या माणसाला जागा नाही, आणि जागा नसली की त्याच्या गरजा मोजल्या जात नाहीत. त्याच्या गुरूच्या परवानगीशिवाय तो रक्त देत नव्हता, म्हणून आम्ही आधी गुरूकडं गेलो. गुरूंनी चहा पाजला, देवीपुढं बसवलं आणि म्हणाले, यात्रा झाली की सगळ्यांना घेऊन येतो. आले. त्या एका भेटीत जितक्या तपासण्या झाल्या, तितक्या एरवी फिरून फिरून होत नाहीत. देवीला मुली सोडायची प्रथा आता कायद्यानं बंद आहे आणि ती बंद झालीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जी माणसं त्या वाटेनं आलेली आहेत, त्यांच्यापर्यंत जायचं तर देवीच्या दारातूनच जावं लागतं, आणि त्यासाठी यात्रेचं पंचांग आमच्या कामाच्या आराखड्यात असायला हवं. आता मी ते घातलं आहे. गोळ्या चालू असलेल्यांना यात्रेआधीच पुरेशी औषधं मिळतील असं बघायचं, निरोध सोबत द्यायचे, आणि परतल्याचा आठवडा तपासणीसाठी मोकळा ठेवायचा.

पिअरच्या हाती काम सोपवायची ही पद्धत दिल्ली-मुंबईहून ठरवून खाली आली असेल अशी माझी समजूत होती. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, 1992 साली सुरू झाली, राज्य संस्था त्यानंतर. पण त्याच 1992 मध्ये शेजारच्या सांगलीत मीना शेषू यांनी संग्राम या संस्थेचं काम सुरू केलं होतं आणि निरोधाची खोकी धंद्यातल्या बायकांच्याच हाती सोपवली होती. बाहेरच्या सुशिक्षित बाईपेक्षा शेजारच्या खोलीतली बाई जास्त चांगलं सांगू शकते, ही गोष्ट तिथं करून बघितली गेली. कोलकात्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना त्याच सुमाराला तेच करत होते. 1996 मध्ये सांगलीच्या बायकांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे व्हॅम्प, उभी केली आणि तिचं काम सातारा, कोल्हापूर, सीमेपलीकडच्या कर्नाटकापर्यंत गेलं. पुढं अमेरिकी मदतीला अट आली की वेश्याव्यवसायाला आपला विरोध आहे असं संस्थेनं जाहीर करायचं. 2005 मध्ये संग्रामनं त्या पैशावर पाणी सोडलं. ज्यांच्या जोरावर काम उभं आहे त्यांचीच निंदा करून पैसा घ्यायचा नाही, असं म्हणायला किती धैर्य लागत असेल याचा अंदाज मला आता, महिनाअखेरीला निधीची वाट बघणाऱ्या कार्यालयात बसून येतो.

अक्का त्या काळातल्या. मोफत एआरटी सरकारनं 1 एप्रिल 2004 पासून द्यायला सुरुवात केली. त्याआधीचं बोलायला त्या तयार नसतात. एकदाच म्हणाल्या, "तवा निस्ती माती द्याय जायाचो. खांदा द्यायला बी पुरुष मिळायचा न्हाई, आमीच न्यायाचो." सांगली-कोल्हापूर हा पट्टा तेव्हा राज्यातल्या जास्त संसर्गाच्या भागांत गणला जायचा. गोळ्या आल्या आणि माणसं जगायला लागली. पण जगण्यासाठी गोळी रोज पोचायला लागते. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला, शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता, खालच्या वस्त्यांतली माणसं शाळांत आणि मंगल कार्यालयांत हलवली होती. गोळ्या घरात, घर पाण्यात. कुणाच्या गोळ्या चालू आहेत ही यादी तेव्हा कागदावर काढून निवारा केंद्रात घेऊन जाणं शक्यच नव्हतं. ती उघडी पडली असती. ती अक्कांच्या डोक्यात होती. निवाऱ्यात ब्लँकेट वाटायच्या निमित्तानं त्या प्रत्येकीजवळ गेल्या, कानात विचारलं, आणि ज्यांच्या बुडाल्या होत्या त्यांच्यासाठी औषधं आणून पदराआड दिली. हे मला त्यांनी सांगितलं नाही. ज्यांना गोळ्या मिळाल्या त्या बायकांनी सांगितलं.

आता काम बदलतं आहे आणि मला त्याची काळजी वाटते. स्टँडच्या आसपासच्या बायका कमी झाल्या, कारण गिऱ्हाईक फोनवर येतं. लॉजपेक्षा घर, गल्लीपेक्षा व्हॉट्सॲप. पुरुषांशी संबंध ठेवणारी तरुण मुलं ॲपवर भेटतात. त्यांतली कित्येक कॉलेजात शिकतात, कुणी शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतात, आणि ती कुठल्याच जागी उभी राहत नाहीत, की आमच्या पिअरनं जाऊन ओळख काढावी. जागांचे आमचे नकाशे जुने होत चालले आहेत. एका मुलाशी मी फोनवरच कितीतरी दिवस बोलत होते. त्याचं नाव मला अजून माहीत नाही. त्यानं विचारलेला पहिला प्रश्न होता, तुमच्या कार्यालयावर पाटी आहे का? पाटी असेल तर तो येणार नव्हता. आम्ही त्याला भेटलो ते एका बागेत, बोटाच्या टोकातून थेंबभर रक्त घेऊन तिथल्या तिथं होणारी प्राथमिक चाचणी केली, आणि मग त्याला सरकारी तपासणी केंद्राची आणि 1097 या फुकट हेल्पलाइनची माहिती दिली. तो माझ्या वयाचा होता.

देशात आज साधारण पंचवीस लाख माणसं एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांतली सर्वांत जास्त महाराष्ट्रात आहेत. नवे संसर्ग पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाले, ही आनंदाची गोष्ट. पण आकडा खाली आला की वरच्या पातळीवर विचारलं जातं, आता एवढा खर्च कशाला? हा माझाच पहिल्या दिवसाचा प्रश्न आहे, फक्त मोठ्या खुर्चीवरून विचारलेला. आकडा खाली आला तो अक्कांसारख्या बायका रोज संध्याकाळी चालत राहिल्या म्हणून. त्या थांबल्या तर दवाखाना तिथंच राहील, गोळ्याही राहतील, आणि बाई आपल्या खोलीत राहील.

अक्कांना मिळतं ते मानधन, पगार नव्हे. त्यात निवृत्ती नाही, आजारपणाची रजा नाही, आणि निधी उशिरा आला तर तेही उशिरा. एका बाईला सोबत नेताना रिक्षाचे पैसे बऱ्याचदा त्या स्वतःच घालतात. साठ माणसांचं आरोग्य डोक्यात वागवणाऱ्या बाईला आपण कार्यकर्तीसुद्धा म्हणत नाही, स्वयंसेवक म्हणतो, हे मला अन्यायाचं वाटतं आणि ते मी बैठकीत बोलले. अक्का तेव्हा शेजारीच बसल्या होत्या. बैठक संपल्यावर म्हणाल्या, "पैशाचं बोललासा ते बरं केलंसा. आता येळेचं बी बोला."

म्हणून पुढच्या तिमाहीच्या आराखड्यात मी दोन गोष्टी लिहून दिल्या आहेत. एक, पिअरच्या सोबतीच्या प्रवासाचा खर्च स्वतंत्र धरावा. दुसरी, आठवड्यातून दोन दिवस तपासणी दुपारी चार ते रात्री आठ या वेळात, पाटी नसलेल्या खोलीत, आमच्याच प्रकल्पात व्हावी. खोली मिळाली आहे. तंत्रज्ञ संध्याकाळी थांबायला तयार आहे. त्या वेळात यायचं कबूल केलेल्यांचे क्रमांक अक्कांनी मला तोंडी सांगितले आणि मी ते वहीत उतरवून घेतले. स्टँडजवळच्या त्या खानावळवालीचा क्रमांक त्यात आहे. मंजुरी आली की पहिला मंगळवार ठरवायचा.